पाकोळी म्हणजे नेमकी कोण? उडणाऱ्यांचा कणा ओळखायची रीत

माझी आजी कोकणातली. दिवेलागणीला ओसरीच्या वाशांखालून भिरभिरत बाहेर पडणाऱ्या इवल्याशा वटवाघळाला ती पाकोळी म्हणायची. पुढे मी पुण्यात पक्षी बघायला लागले, तर तिथली मंडळी जुन्या इमारतींच्या कमानीखाली घरटी करणाऱ्या, कोयत्यासारख्या पंखांच्या एका काळ्या पक्ष्याला पाकोळी म्हणत होती. आणि २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉन हे आपलं राज्यफुलपाखरू ठरवलं, तेव्हा त्याचं मराठी नाव छापून आलं ‘राणी पाकोळी’. शब्द एक, जीव तीन. आजीच्या पाकोळीला पाठीचा कणा आहे, पक्षीवाल्यांच्या पाकोळीलाही आहे, आणि राणी पाकोळीला नाही.

‘पाखरू’ या शब्दाचीही तीच गत. गावाकडे झाडावरचं पाखरू म्हणजे पक्षी, आणि दिव्यावर आलेली पाखरं म्हणजे किडे. आपल्या भाषेने उडण्याला महत्त्व दिलं, हाडांना नाही. त्यात भाषेची काही चूक नाही. उडताना दिसतं, हाडं दिसत नाहीत. पण पोरगं शाळेतून पृष्ठवंशीय आणि अपृष्ठवंशीय असे दोन रकाने घेऊन घरी येतं आणि ‘वटवाघूळ कुठे लिहू?’ म्हणून विचारतं, तेव्हा पंचाईत होते. हा लेख त्या पोरांच्या आईबापांसाठी, आणि नुकताच गॅलरीत उभं राहून आकाशाकडे बघायचा नाद लागलेल्यांसाठी आहे. सामान फारसं लागत नाही. बॅटरी, एक पांढरी चादर, मोबाईलचा कॅमेरा आणि रिकामी काचेची बरणी पुरे.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. पंख ही काही एका घराण्याची मिरास नाही. जिवांच्या इतिहासात खरंखुरं, पंख मारत उडणं चार वेळा, चार वेगळ्या घराण्यांत, एकमेकांशी संबंध नसताना सुरू झालं. सगळ्यांत आधी कीटक, ३० कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी. मग टेरोसॉर नावाचे उडते सरीसृप, साधारण २२ कोटी वर्षांपूर्वी. ते आता नाहीत. त्यानंतर पक्षी, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी. आणि सर्वांत शेवटी वटवाघळं, ज्यांचे ओळखू येतील असे जुने जीवाश्म ५ कोटी वर्षांपलीकडचे आहेत. या चौघांपैकी कणा नाही तो फक्त कीटकांना. म्हणून ‘पंख आहेत का?’ या प्रश्नाने काहीच हाती लागत नाही. पंख कशाचा केलाय आणि तो शरीराला कुठे अडकवलाय, हे बघायचं.

पायरी १: आधी आपलीच पाठ चाचपा

मानेमागे हात न्या, डोकं खाली झुकवा. जो उंचवटा बोटाला लागतो तो मणका. तिथून खाली माकडहाडापर्यंत अशा मणक्यांची माळ आहे आणि त्या माळेच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. माळ आत, मांस तिच्या बाहेर, सगळ्यात वर कातडी. कबुतराचं असंच, वटवाघळाचं असंच, बेडकाचं आणि बांगड्याचंही असंच.

आता झुरळ आठवा. चपलेखाली येतं तेव्हा जो ‘कर्र’ आवाज होतो तो हाडाचा नाही, कवचाचा. कीटकाचा सांगाडा अंगाबाहेर असतो आणि स्नायू त्याला आतून चिकटलेले असतात. आपल्यापेक्षा सगळा कारभार उलटा. इतका उलटा, की त्याचा मुख्य मज्जातंतू पाठीतून न जाता पोटाच्या बाजूने जातो आणि हृदयाची नळी पाठीशी असते. मला स्वतःला ही गोष्ट कळली तेव्हा झुरळाबद्दल थोडा आदर वाटला होता. तो फार वेळ टिकला नाही.

कवचामुळे आणखी एक फरक पडतो, आणि तो ओळखायला उपयोगी आहे. कवच वाढत नाही. कीटकाला वाढायचं तर जुनं कवच टाकून नवं घ्यावं लागतं, आणि एकदा उडते पंख फुटले की हा कारखाना जवळजवळ सगळ्यांचाच बंद होतो. म्हणजे घरात दिसलेली बारकी माशी हे मोठ्या माशीचं पिल्लू नसतं. ती बारक्या जातीची, पूर्ण वाढलेली माशी असते. माशीचं पिल्लू म्हणजे उकिरड्यातली बिनपंखांची अळी. याउलट वटवाघळाचं पिल्लू जन्मतःच इवले पंख घेऊन येतं, आईच्या छातीला चिकटून दूध पितं आणि ते पंख त्याच्याबरोबर वाढतात.

पायरी २: रविवारी स्वयंपाकघरात

ही पायरी शाकाहारी वाचकांनी सोडून दिली तरी चालेल. त्यांनी आपल्याच हाताकडे बघावं. बाकीच्यांनी कोंबडीच्या पंखाचा तुकडा ताटात आला की खाण्याआधी दोन मिनिटं थांबावं.

खांद्याजवळच्या जाड भागात एकच हाड असतं. ते आपलं दंडाचं हाड. पुढच्या चपट्या भागात दोन हाडं शेजारी शेजारी असतात, ती आपल्या कोपरापासून मनगटापर्यंतची दोन. त्याच्या पुढचं टोक, जे बरेच जण न खाताच बाजूला सारतात, तो तिचा पंजा: एकमेकांत मिसळून गेलेली बोटं. एक, मग दोन, मग बोटं. हा हिशेब कणा असलेल्या प्रत्येक पंखात सापडतो, कारण तो मुळात पंख नाहीच. तो हात आहे. ताटात मानेचा तुकडा आला असेल तर त्यातले मणकेही सुटे करून मोजून बघा. माणसाच्या मानेत ७ मणके, जिराफाच्या लांबलचक मानेतही ७ च, आणि कोंबडीच्या मानेत त्याच्या जवळपास दुप्पट.

हाताचा पंख करताना प्रत्येकाने वेगळी युक्ती लढवली. पक्ष्याने बोटं आखडून घेतली आणि हातावर पिसं लावली. वटवाघळाने उलटं केलं: चार बोटं छत्रीच्या काड्यांसारखी लांबवली, त्यांच्यामध्ये कातडी ताणली आणि ती कातडी थेट मागच्या पायापर्यंत नेली. अंगठा तेवढा मोकळा ठेवला, आकड्यासारखी नखी असलेला, खरवडत सरकायला. टेरोसॉरने एकाच बोटावर, चौथ्यावर, सगळा पंख तोलला होता.

आणि कीटक? त्याने हाताचा पंख केलाच नाही. त्याचे सहाही पाय जागच्या जागी आहेत आणि पंख वेगळे, पाठीवर, छातीच्या कवचातून निघालेले. पंखात हाड नाही, आणि पंखाच्या पात्यात स्नायूही नाही. दोन पातळ पापुद्रे एकमेकांना चिकटलेले आणि त्यांना ताठ ठेवणाऱ्या शिरा, एवढंच. मग तो हलतो कसा? चतुरासारख्यांचे स्नायू पंखाच्या बुडाला जोडलेले असतात आणि ते पंख थेट ओढतात. माशी, मधमाशी यांची गंमत वेगळी. त्यांचे उडण्याचे मुख्य स्नायू पंखांना जोडलेलेच नसतात, ते छातीची डबी आवळतात आणि सोडतात. डबीचं झाकण खालीवर झालं की बिजागरीवरचे पंख आपोआप वरखाली होतात.

हे सांगायचं कारण आहे. डबी दर सेकंदाला शेकडो वेळा आवळता येते. मधमाशी सेकंदाला २०० हून अधिक वेळा पंख मारते, डास त्याच्याही पुढे. त्या वेगाला पंखाची फडफड उरत नाही, तिचा सूर होतो. तेव्हा अंधारात, न बघताही चालणारी एक कसोटी घ्या: आपल्याकडे जो पंख गुणगुणतो त्याच्या मालकाला कणा नसतो. कबुतराचे पंख फटफटतात, वटवाघळाचे फार तर कापड झटकल्यासारखे वाजतात. गुणगुणतो तो कीटक. ‘आपल्याकडे’ असं मुद्दाम म्हटलं, त्याचं कारण पुढे येईल.

पायरी ३: पाय आणि मिशा मोजा

दिवसाउजेडी, बसलेला जीव असेल तर हे सगळ्यात सोपं. मोबाईलने फोटो काढा, मोठा करा, मोजा. पाय सहा आणि डोक्यावर दोन मिशा असतील तर विषय संपला. तो कीटक, कणा नाही. चतुर, टाचणी, फुलपाखरू, पतंग, गांधीलमाशी, भिंतीवर मातीची मडकी थापणारी कुंभारीण, नाकतोडा, खंडोबाचा घोडा, सगळे यात आले. चतुराच्या मिशा इतक्या आखूड असतात की दिसत नाहीत. तिथे पायांवर भिस्त ठेवा.

कणा असलेल्याला मिशा नसतात (मांजराच्या मिशा म्हणजे केस, त्या वेगळ्या), आणि पंख धरून मोजलं तर हातपाय चारच भरतात. कबुतराचे दोन पाय, दोन पंख. वटवाघळाचंही तेच. पंख पाहिजे असेल तर दोन हात द्यावे लागतात, असा हा व्यवहार आहे. कीटकाला मात्र काहीच द्यावं लागलं नाही.

पंख मोजताना घोटाळा होतो. बहुतेक उडत्या कीटकांना चार पंख असतात, पण माशी आणि डासाला दोनच; मागच्या जोडीच्या जागी तोल सांभाळणाऱ्या दोन बारक्या मुगदलांसारख्या दांड्या उरल्या आहेत. भुंगे आणि काजवे यांची पुढची जोडी टणक झाकणं झाली आहे, उडायचे पंख त्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. नारळावर येणारा गेंडाभुंगा उडायच्या आधी ही झाकणं उघडतो ते एकदा जवळून बघाच. विमानाचे दरवाजे उघडल्यासारखं वाटतं. मे अखेरीस भंडारदरा, राजमाची, पुरुषवाडीकडे काजवे बघायला गर्दी लोटते, त्यातल्या कितीकांना आपण भुंग्याचे भाऊबंद बघतोय हे ठाऊक असतं कोण जाणे. तिथे गेलात तर बॅटरी बंद ठेवा, एवढीच विनंती.

पायरी ४: जमिनीवर पंख सापडला तर

आपण मराठीत मोराचा पंख म्हणतो आणि दाखवतो मोरपीस. लहान मुलांना हा फरक आधी शिकवा. पीस म्हणजे पंखावरचा एक तुकडा: मधोमध दांडी, दोन्ही बाजूंना बारीक धागे, विस्कटले तर बोटाने पुन्हा जुळवता येतात. जिवंत जगात पीस फक्त पक्ष्यालाच असतं, म्हणून पीस सापडलं की कणा गृहीत धरा.

पारदर्शक, जाळीदार, सेलोफेनसारखा पापुद्रा सापडला तर कीटक. बोटाला पूड लागली तर फुलपाखरू किंवा पतंग. ती पूड म्हणजे पंखावरचे खवले, कौलांसारखे एकावर एक रचलेले. जिवंत फुलपाखरावर हा प्रयोग करू नका, खवले परत येत नाहीत.

जुन्या वाड्यात, देवळाच्या ओवरीत किंवा बंद पडलेल्या गोठ्यात कधी एकाच जागी पतंगांचे, नाकतोड्यांचे सुटे पंख पडलेले दिसतात, धड मात्र कुठेच नाही. वर बघा. तिथे आढ्याला एखादं मोठ्या कानांचं वटवाघूळ रात्री जेवायला येत असणार. धड खाऊन पंख खाली टाकतं. कणा असलेल्याच्या पानातली बिनकण्याची उष्टावळ.

पायरी ५: संध्याकाळची वीस मिनिटं

हा माझा आवडता भाग, आणि नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. सूर्य बुडाल्यावर साधारण वीसेक मिनिटं आकाशात दिवसपाळी आणि रात्रपाळी एकत्र असते. पाकोळ्या घरी परतत असतात, वटवाघळं निघत असतात, चतुर अजून फिरत असतात. सगळे मिळून एकाच डासांच्या थव्यावर तुटून पडलेले. प्रकाश इतका कमी की रंग दिसत नाही, नुसती काळी आकृती.

आकृतीवरून ओळखायचं असं. पाकोळी, म्हणजे पक्षी, पंख ताठ ठेवते. चार-सहा वेळा भराभर मारते आणि मग विळ्यासारखे पसरून तरंगत जाते. बरोबरीने किर्र-किर्र ओरडणारा घोळका असतो. तारेवर बसलेली दिसली तर ती पाकोळी नव्हे, भिंगरी नावाचा दुसरा पक्षी. पाकोळीचे पाय तारेवर बसायच्या कामाचेच नाहीत, ती भिंतीला लटकते.

वटवाघूळ, म्हणजे आजीची पाकोळी, तरंगत नाही. सतत फडफडतं. सरळ येता येता एकदम काटकोनात वळतं, खाली पडल्यासारखं होतं, पुन्हा वर. त्याला मान दिसत नाही, चोच दिसत नाही, आणि पंखाची मागची कड छत्रीसारखी कातरलेली दिसते. आवाज बहुधा ऐकू येत नाही. ते गप्प नसतं, त्याचा आवाज आपल्या कानाच्या पट्टीपलीकडचा असतो. तो आवाज भक्ष्यावर आपटून परत येतो आणि त्यावरून ते नेम धरतं. आपल्या घराभोवतीचं सगळ्यात छोटं वटवाघूळ दोन-तीन ग्रॅमचं असतं. पाच रुपयांचं नाणंही त्याच्याहून जड.

कावळ्याएवढं, संथ पंख मारत, एका रांगेत सरळ चाललेलं दिसलं तर ते फळं खाणारं मोठं वटवाघूळ. दिवसा वडावर, पिंपळावर उलटं टांगलेलं असतं ते. पंखांचा पसारा मीटरभराहून जास्त भरतो. ते डासांसाठी घिरट्या घालत नाही, त्याला कुठल्या बागेत जायचंय ते माहीत असतं.

आणि चतुर एका जागी थांबतो, मग झटक्यात पुढे जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला मैदानावर शेकडो पिवळसर चतुर डोक्याच्या उंचीवर घोटाळताना दिसले तर ते बहुधा ग्लोब स्किमर. हे किडे वाऱ्यावर स्वार होऊन हिंदी महासागर ओलांडतात, मालदीवमार्गे आफ्रिकेकडे जातात. पाच सेंटिमीटरचा, बिनहाडाचा जीव. त्यांच्या मागोमाग, नोव्हेंबर-डिसेंबरात, सैबेरिया आणि उत्तर चीनकडून आलेले आमूर ससाणे लोणावळ्याच्या पठारांवर काही दिवस थांबतात आणि तेही अरबी समुद्र ओलांडून आफ्रिका गाठतात. वाटेत समुद्रावर त्यांना खायला हेच चतुर मिळत असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. कण्याचा आणि बिनकण्याचा एकाच वाटेवरचा प्रवास, फक्त एकाच्या पोटात दुसरा.

पायरी ६: पहिल्या पावसाची रात्र

जूनमध्ये पहिला दमदार पाऊस पडून गेला की संध्याकाळी दिव्याभोवती झुंबड उडते. घरोघरी दिवे मालवतात, कोणी दिव्याखाली पाण्याची परात ठेवतं. सकाळी फरशीवर पंखांचा खच पडतो. लोक म्हणतात, मुंग्यांना पंख फुटले. म्हण चांगली आहे, पण त्या बहुधा मुंग्या नसतात. ती वाळवी असते.

फरशीवरचा एक संच उचलून बघा. चारही पंख सारख्याच लांबीचे, अंगापेक्षा कितीतरी लांब, आणि बुडाशी स्वच्छ तुटलेले असतील तर वाळवी. नवे राजा-राणी वारुळातून उडतात, जमिनीवर उतरतात, पंख स्वतःच झाडून टाकतात आणि जोडीने माती उकरायला लागतात. पंखवाल्या मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात आणि कंबर बारीक असते. वाळवीला कंबरच नाही. नात्यानेही वाळवी मुंगीच्या नव्हे, झुरळाच्या जवळची.

पंख वापरून झाल्यावर टाकून देता येणं, हे हाडाच्या पंखाला कधीच जमणार नाही. हात कोण टाकणार?

गच्चीत पांढरी चादर टांगून मागे दिवा लावलात तर पतंगांची परेड बघायला मिळते. सह्याद्रीच्या आसपास राहत असाल तर नशिबाने अ‍ॅटलस पतंग येईल. त्याच्या पंखांचा पसारा २४-२५ सेंटिमीटर भरतो, म्हणजे आजीच्या पाकोळीपेक्षा जास्त. पहिल्यांदा बघणारा ‘वटवाघूळ!’ म्हणून ओरडतो. आकारावरून कणा ठरत नाही, याचा इतका देखणा पुरावा दुसरा नाही. शंका आली तर बॅटरी मारा: पतंग उजेडाकडे वळतो आणि त्याभोवती घिरट्या घालतो, वटवाघूळ उजेडातून किडा उचलतं आणि निघून जातं.

पायरी ७: सोंगाडे

दर पावसाळ्यानंतर माझ्याकडे कोणी ना कोणी फोटो पाठवतं: ‘आमच्या बागेत हमिंगबर्ड आला!’ हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. त्यांचे पंख गुणगुणतात, आणि म्हणूनच वरच्या कसोटीत मी ‘आपल्याकडे’ हा शब्द घातला. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी वाचकांनी ती कसोटी तिकडे लावू नये. आपल्या बागेतला पाहुणा दोघांपैकी एक असतो. चोच वाकडी, फुलावर बसून मध पितो आणि चिवचिवतो, तर तो शिंजीर, पक्षी, कणा आहे. हवेत एका जागी तरंगत, लांब सोंड फुलात घालून, फुलाला पाय न लावता रस ओढतो आणि कपाळावर दोन मिशा आहेत, तर तो हॉकमॉथ. पतंगच, फक्त दिवसा फिरणारा.

दुसरे सोंगाडे ‘उडते’ म्हणवणारे. उडती खार मनगटापासून घोट्यापर्यंतची कातडी ताणून झाडावरून झाडावर घसरते. गोव्यापासून दक्षिणेकडच्या सह्याद्रीत उडता सरडा आहे, त्याच्या बरगड्याच कुशीतून बाहेर निघून पंख्यासारखी कातडी ताणतात. आंबोलीला पावसाळ्यात दिसणारा हिरवागार मलबार बेडूक पंजांच्या पडद्यांवर तरंगत खाली येतो. अरबी समुद्रात बोटीपुढून उडते मासे निसटतात, ते छातीच्या परांवर, म्हणजे पोहायच्या पात्यांवर. या चौघांनाही पंख नाहीत आणि चौघांनाही कणा आहे. मासळीबाजारातल्या पाकटाचे ते रुंद ‘पंख’ही परच; त्याचा सांगाडा हाडाऐवजी कुर्चेचा असतो, म्हणून तो खाताना काट्याची भीती नसते, पण कणा त्यालाही आहे.

पंख असून न उडणाऱ्यांनी गोंधळू नका. शहामृग, पेंग्विन उडत नाहीत, कणा शाबूत. रेशमाचा पाळीव पतंग हजारो वर्षं माणसाच्या हाताखाली राहून उडणं विसरला, त्याला कणा तेव्हाही नव्हता.

पायरी ८: हात लावण्याआधी

बिनकण्यांपैकी गांधीलमाशी आणि आग्यामोहोळ सोडलं तर फारशी धास्ती नको. बरणी उपडी ठेवायची, खालून जाड कागद सरकवायचा, बघून झालं की बाहेर सोडायचं.

वटवाघळाचं मात्र वेगळं. ते अपशकुनी नाही, केसांत अडकत नाही, रात्रभर डास आणि पिकांवरचे किडे खातं. पण जमिनीवर पडलेलं वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नका, मुलांना तर मुळीच उचलू देऊ नका. वटवाघळांकडून रेबीजच्या जातकुळीतले विषाणू येऊ शकतात. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून पकडलेल्या वटवाघळांमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला निपाह विषाणूच्या संसर्गाच्या खुणा सापडल्या होत्या. त्यातून महाराष्ट्रात साथ आली नाही, पण गुहेत शिरून त्यांना हुसकावणं आणि त्यांनी उष्टावलेली फळं खाणं टाळावं, एवढं शहाणपण त्यातून घेता येतं. झाड तोडणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

घरात वटवाघूळ शिरलं तर झाडू घेऊन मागे धावू नका. मुलांना बाहेर काढा, आतलं दार लावा, खिडक्या सताड उघडा, दिवे मालवा. दहा-पंधरा मिनिटांत ते आपली वाट शोधून जातं; बंद खोलीत भिंतीला न धडकता फिरणं त्याला छान जमतं. छताच्या पंख्याची फिरती पाती तेवढी त्याला चुकवता येत नाहीत. तेव्हा सगळ्यात आधी पंखा बंद करा.